वार्धक्याचे नवल

मृत्यूविषयी शास्त्रांतून जेवढा विचार झालेला आहे, तेवढा वार्धक्याविषयी झालेला दिसत नाही. जरा हा शब्द येतो तो बहुधा मरणाच्या जोडीने, 'जरामरण' असा; आणि निरूपणकार जरेवरून चटकन मरणाकडे वळतात. वस्तुतः मरण हा एका क्षणाचा विषय आहे. वार्धक्य हा वीस-पंचवीस वर्षे चालणारा नित्याचा व्यवहार आहे. मरणाचे मनुष्यास भय वाटते, वार्धक्याचे त्यास नवल वाटते. भय हे अद्याप न आलेल्या गोष्टीचे असते. नवल हे आलेल्या, परंतु आल्याचे न कळलेल्या गोष्टीचे असते. हे नवल मनुष्यास का वाटते, ते केवळ अज्ञानाचे लक्षण समजावे की त्यात सत्याची काही खूण आहे, आणि ते वाटल्यानंतर मनुष्याने, मग तो वासनिक असो की भिक्षुक, आपल्या नित्याच्या आचारात कोणता पालट करावा, एवढ्याच प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

जगात पूर्वसूचना देऊन येणाऱ्या ज्या गोष्टी आहेत, त्यांत वार्धक्याइतकी दीर्घ सूचना देणारी दुसरी नाही. पाऊस चुकतो, पीक फसते, कापसाचा भाव एका रात्रीत पडतो. वय मात्र दरवर्षी एकानेच वाढते आणि एकही वर्ष चुकवीत नाही. आपल्या वर्धा जिल्ह्यातील शेतकरी बैलाच्या वयाविषयी किती सावध असतो ते पाहावे. आर्वी-आष्टीकडील गवळाऊ जातीचा गोऱ्हा विकत घेताना तो त्याचे तोंड उघडून दुधाचे दात किती पडले, पक्के किती आले हे मोजतो, आणि याच्याकडून किती वर्षे काम होईल याचा हिशेब तेथल्या तेथे करतो. पोळ्याच्या दिवशी शिंगे रंगविताना कोणती जोडी आता थकली, हे त्यास कोणी सांगावे लागत नाही. परंतु त्याच शेतकऱ्याची कंबर डवऱ्याच्या दुसऱ्या पाळीला धरली, म्हणजे 'यंदा जमीनच कठीण आहे' असे तो म्हणतो. जमीन तीच असते. वनपर्वात यक्षाने युधिष्ठिरास सर्वांत मोठे आश्चर्य कोणते असे विचारले, तेव्हा त्याने मनुष्याच्या मरणाविषयीच्या विसराकडे बोट दाखविले. वार्धक्यासंबंधी तर याहून पुढे जाऊन असे म्हणावे लागेल की, मनुष्य दुसऱ्याचे वार्धक्य पाहूनच नव्हे, तर स्वतःचे वार्धक्य अंगावर वागवूनही ते दुसऱ्याचेच समजत असतो.

भाषेने मात्र ही गोष्ट फार पूर्वी ओळखलेली दिसते. 'वृद्ध' हा शब्द वाढणे या अर्थाच्या धातूपासून आलेला आहे. वृद्धी आणि वर्धन हे त्याचेच सोयरे. 'म्हातारा' या शब्दाचे मूळ 'महत्तर', म्हणजे अधिक मोठा, असे आहे. या दोन्ही शब्दांत ऱ्हासाचा अर्थ नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. जवळचे वाचण्यास लागणाऱ्या चष्म्यास आपण 'चाळिशी' म्हणतो. वयाचे नाव वस्तूस देऊन भाषेने मनुष्याच्या नाकावरच त्याचे वय ठेवून दिले आहे. पोथी हातभर लांब धरून वाचणाऱ्यास प्रथम काही दिवस शाई फिकी झाली असे वाटते. चाळिशी लागली हे त्यास घरातील दुसरेच कोणी सांगते. आपल्या मार्गात तर संबोधनच बदलते. तरुण भिक्षुकास लोक 'दादा' म्हणतात, पुढे केव्हातरी 'बाबा' म्हणू लागतात. हा पालट अमुक दिवशी होतो असे नाही. भिक्षेस गेले असता दारातील बाई लेकरास 'बाबांना वाढ' असे सांगते, आणि मागून कोणी वडीलधारे येत आहेत की काय, म्हणून भिक्षुक वळून पाहतो. पन्नाशी ओलांडल्यावर प्रस्तुत लेखकासही हा अनुभव आलेला आहे. गृहस्थास तोच अनुभव एसटीच्या गाडीत येतो. राज्य परिवहनाच्या गाड्यांत ६५ वर्षे पूर्ण झालेल्यास अर्धे तिकीट असते, आणि ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षे पूर्ण झालेल्यांस प्रवास विनामूल्य झालेला आहे. वाहक न विचारताच 'बाबा, आधार कार्ड आहे का?' असे म्हणतो, तेव्हा पैसे वाचल्याचा आनंद आणि ओळखले गेल्याचा सूक्ष्म विषाद हे दोन्ही भाव एकाच वेळी मनात उठतात. सारांश, वयाची वार्ता मनुष्यास आतून कळत नाही. ती बाहेरून, दुसऱ्याच्या मुखाने कळते.

असे का व्हावे? याची व्यावहारिक कारणे तीन दिसतात. पहिले कारण असे की, पालट अत्यंत मंद असतो आणि पाहणारा रोज पाहत असतो. धाम नदीच्या काठी राहणाऱ्यास तिचा काठ खचताना दिसत नाही. बारा वर्षांनी येणाऱ्यास तो एकदम दिसतो. म्हणूनच जुना सोबती दीर्घ काळाने भेटला म्हणजे 'हा किती थकला' असे आपणांस वाटते, आणि त्याच क्षणी त्याच्याही मनात तेच वाक्य उठत असते. दुसरे कारण कालमानाचे. दहा वर्षांच्या मुलास एक वर्ष हे त्याच्या आयुष्याचा दहावा भाग असते, पन्नाशीच्या मनुष्यास ते पन्नासावा भाग असते. म्हणून उत्तरवयातील वर्षे लहान वाटतात व मोजणीतून निसटतात. तिसरे कारण स्मरणाचे. जो मी बालपणी नदीत पोहलो तोच मी आज काठावर बसलो आहे, या प्रत्ययात कोठेही सांधा दिसत नाही. जुन्या पिढीतील कित्येकांस आपली जन्मतारीख ठाऊक नसे. शाळेत नाव घालताना गुरुजी सोईची एक तारीख टाकून देत. आष्टीचा उठाव १६ ऑगस्ट १९४२ रोजी झाला, त्या वेळी मी एवढा होतो, असे हात जमिनीपासून वर धरून सांगणारे वृद्ध या जिल्ह्यात होऊन गेले. वर्षांचा आकडा त्यांस सांगता येत नसे. परंतु 'मी' त्या वेळी होतो, याविषयी मात्र त्यांना तिळमात्र संशय नसे.

हे तिसरे कारण आपणांस व्यवहारातून विचाराच्या प्रांतात नेते. आपल्या शास्त्रात जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर असे चार पदार्थ सांगितलेले आहेत. त्यांपैकी देह हा प्रपंचाकडील आहे. तो घडतो आणि मोडतो. जीव अनादि आहे. ज्यास आरंभ नाही त्यास वय कसले? वयाचा आकडा देहास लागतो, आणि ज्यास नवल वाटते तो जीव आहे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात श्रीकृष्णचक्रवर्तींनी देहांतर समजावून देताना बाल्य, तारुण्य आणि जरा या अवस्थांचा दृष्टांत दिलेला आहे. दृष्टांत नेहमी परिचित वस्तूचा द्यावयाचा असतो. या देहातल्या देहात जीव एवढी अवस्थांतरे ओलांडतो आणि तरी स्वतः तोच राहतो, हा प्रत्येकाचा नित्याचा अनुभव आहे, म्हणूनच तो दृष्टांतास योग्य ठरला. वार्धक्याचे नवल वाटणे म्हणजे त्याच दृष्टांताची स्वतःच्या ठिकाणी प्रचीती येणे होय.

येथे कोणी शंका घेईल की, जीव तर अनादि अविद्येने वेढलेला आहे. मग त्याचे नवल हेही अविद्येचेच कार्य, त्यास सत्याची खूण का म्हणावे? यावर समाधान असे. या नवलात दोन प्रतीती एकत्र मिसळलेल्या असतात. 'मी तोच आहे' ही पहिली. आणि 'म्हणून माझा देहही तोच असला पाहिजे' ही दुसरी. पहिली खरी आहे, दुसरी खोटी आहे. नवल उत्पन्न होते ते दोहोंची गाठ पडल्यामुळे. जो विचार करीत नाही तो दोन्ही एकत्र धरून ठेवतो आणि देहाशी भांडत बसतो. किंवा दोन्ही एकत्र टाकून देतो आणि 'आता मी संपलो' असे म्हणतो. विचारवंताने गाठ सोडवावी. पहिली प्रतीती ठेवावी, दुसरी टाकावी. निवाडा एवढाच आहे. परंतु तो बुद्धीने करणे सोपे आणि नित्याच्या व्यवहारात करणे कठीण, म्हणून व्यवहाराकडे वळले पाहिजे.

व्यवहारात वार्धक्याशी चुकीने वागण्याचे तीन प्रकार आढळतात. पहिला नकाराचा. ययातीने आपली जरा पुरूस देऊन त्याचे तारुण्य घेतले, ही कथा सर्वांस ठाऊक आहे. आज तसा विनिमय कोणास करता येत नाही. परंतु मुलगा चाळिशीस आला तरी धान्याच्या कोठीची किल्ली कंबरेस, सातबारा पेटीत, आणि पेरणी केव्हा करावयाची हा शब्दही आपलाच, अशा रीतीने मुलाचे कर्तेपण अडवून धरणारा पिता ययातीचाच व्यवहार करीत असतो. दुसरा प्रकार वसुलीचा. आम्ही एवढे खपलो, आता तुम्ही फेडा, असे म्हणत प्रत्येक नमस्कार आणि प्रत्येक भाकर मोजून घेणे हा तो प्रकार. मोजून घेतलेला मान हा मान राहत नाही. तिसरा प्रकार विलापाचा. पूर्वीचे लोक, पूर्वीची ज्वारी, पूर्वीची भक्ती आता उरली नाही, असे सांगत बसणाऱ्याच्या दातांची तक्रार तो काळाच्या नावावर मांडत असतो. हे तिन्ही दोष मठातही शिरतात, हे नाकारून चालणार नाही. किल्लीच्या ठिकाणी पोथीची पेटी येते, सातबाऱ्याच्या ठिकाणी शिष्यपरिवार येतो, एवढाच भेद.

मग योग्य वागणूक कोणती? येथे साधकापुढे एक खरी अडचण उभी राहते. मनुष्याने तारुण्यात एखादा नियम घेतला. गृहस्थाने पायी वारीचा, उपवासाचा किंवा पहाटेच्या पारायणाचा घेतला असेल. भिक्षुकास तर अटन, विजन, भिक्षा आणि स्मरण हा आचारच सांगितलेला आहे. पुढे गुडघे चालेनासे झाले. आता नियम सैल करावा काय? सैल केला तर व्रतभंग, न केला तर देहभंग आणि सोबत्यांस क्लेश. हा प्रश्न शब्दांचा नाही; अनेक आश्रमांतून तो रोज सकाळी उठतो.

या प्रश्नाचा विचार करताना आपल्याच जिल्ह्यातील दोन वृद्धांचे चरित्र उपयोगी पडते. ते आपल्या मार्गातील नव्हते; तथापि गुण जेथे दिसेल तेथून घ्यावा. वर्धा शहराच्या एका बाजूस सेवाग्राम आहे, दुसऱ्या बाजूस धाम नदीच्या काठी पवनार आहे. ३० एप्रिल १९३६ रोजी महात्मा गांधी शेगाव या खेड्यात राहावयास आले. त्याच गावास पुढे सेवाग्राम हे नाव मिळाले. त्या वेळी त्यांचे वय ६६ होते. ज्या वयात लोक गाव सोडून मुलाकडे जातात, त्या वयात ते नव्या खेड्यात वस्तीस आले. १२५ वर्षे जगण्याची इच्छा त्यांनी अनेकदा बोलून दाखविली होती. परंतु १९४६ च्या ऑगस्टमध्ये ते सेवाग्रामहून निघाले ते पुन्हा परत आले नाहीत. नोआखालीतील हिंसाचारानंतर ते तेथे गेले, आणि १९४७ च्या जानेवारीत, वयाच्या ७७ व्या वर्षी, अनवाणी पायांनी गावोगाव फिरले. त्या प्रदेशात ओढ्यांवर बांबूचे अरुंद साकव असतात. त्यांवरून चालता यावे म्हणून त्यांनी आधी त्याचा सराव केला. बंगाली लिपी आणि भाषा शिकण्यास त्यांनी तेव्हा नियमाने वेळ दिला. १२५ वर्षांची इच्छा मात्र त्याच वर्षाच्या अखेरीस, देशातील रक्तपात पाहून, त्यांनी सोडून दिल्याचे सांगितले. साकवावर तोल सांभाळणारा आणि नवी अक्षरे गिरविणारा हा वृद्ध वयाचा नकार करीत होता असे म्हणता येत नाही. आयुष्याचा आकडा त्याने हातून सोडला आणि काम धरून ठेवले.

दुसरे चरित्र विनोबा भावे यांचे. त्यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ चा. १९५१ च्या मार्चमध्ये ते वर्ध्याच्या परिसरातून हैदराबादजवळील शिवरामपल्लीकडे पायी निघाले, त्या वेळी त्यांचे वय ५५ होते. १८ एप्रिल रोजी पोचमपल्ली येथे भूदानाचा आरंभ झाला, आणि पुढे तेरा वर्षे ते चालतच राहिले. १९६४ च्या एप्रिलमध्ये पवनारास परतले. त्यानंतर बिहारात त्यांनी वाहनातून प्रवास केला. पायी चालणे हीच ज्यांची ओळख झाली होती त्यांनी वाहनात बसणे, ही गोष्ट लहान नाही. ७ जून १९६६ रोजी त्यांनी स्थूल कार्यातून सूक्ष्मात प्रवेश केल्याचे जाहीर केले. १९७० च्या ऑक्टोबरमध्ये, वयाच्या ७५ व्या वर्षी, क्षेत्रसंन्यास घेऊन पवनार हेच स्थान त्यांनी धरले. २५ डिसेंबर १९७४ पासून एक वर्ष मौन पाळले. चालणे, मग वाहन, मग एक स्थान, मग शब्दही नाही. अशा पायऱ्यांनी ते उतरत गेले. किंबहुना त्यांस ते चढणे वाटत असावे.

आता या दोन चरित्रांची तुलना करावी. एक वृद्ध ७७ व्या वर्षी कुटी सोडून अनवाणी बाहेर पडला. दुसरा ७५ व्या वर्षी बाहेरचे सर्व सोडून एका जागी बसला. कृती परस्परविरुद्ध आहेत. वयास अनुरूप वर्तन म्हणजे अमुक एक वर्तन, असे जर ठरवावयाचे असेल, तर या दोहोंपैकी एक चुकला असे म्हणावे लागेल. परंतु आपले मन तसे म्हणत नाही. कारण दोघांनीही निर्णय वयास विचारून केलेला नाही आणि वयाशी भांडूनही केलेला नाही. हेतूस विचारून केलेला आहे. यावरून नियमाच्या ठिकाणी हेतू आणि रीत असे दोन भाग वेगळे दिसू लागतात. अटनाचा हेतू असा की, एका ठिकाणी राहून जी आसक्ती जडते ती जडू नये. पायी चालणे ही त्याची रीत. ज्याचे पाय राहिले त्याने जागा धरावी, परंतु जागेची मालकी धरू नये. म्हणजे पाय थांबूनही अटनाचा हेतू चालू राहतो. उलट जो काठी टेकीत, दोन तरुणांच्या खांद्यांवर भार टाकून, 'माझा नियम अद्याप मोडला नाही' हे सांगण्यासाठी गावोगाव फिरतो, त्याची रीत टिकते आणि हेतू जातो. कारण त्यास आता नियमाचीच आसक्ती जडलेली असते.

यास कोणी अशी शंका घेईल की, हेतू राखून रीत सोडावी हे वचन आळशी मनुष्याच्या हाती पडले तर तो तिसाव्या वर्षीच रीत सोडील. शंका रास्त आहे. म्हणून कसोटी अशी ठेवावी की, रीत सोडल्याने आपणांस सुख झाले की आपला अभिमान उणा झाला, हे पाहावे. आळशी मनुष्य रीत सोडतो तेव्हा त्यास सुख होते आणि अभिमान जसाच्या तसा राहतो. वृद्ध साधक रीत सोडतो तेव्हा त्यास लाज वाटते, आणि ती लाज तो गिळतो. ती गिळणे हेच त्या वयाचे तप होय. ज्या दिवशी प्रथम दुसऱ्याने आपली झोळी उचलली, त्या दिवशी जो संकोच वाटतो तो उपवासाहून अधिक पचवावयास कठीण असतो.

पवनारच्या चरित्राचा शेवट येथे टाळता येणार नाही, कारण त्यावरून विपरीत बोध घेतला जाण्याचा संभव आहे. १९८२ च्या नोव्हेंबरमध्ये विनोबांची प्रकृती ढासळली. त्यांनी अन्न, जल आणि औषध घेण्याचे थांबविले, आणि १५ नोव्हेंबर रोजी, वयाच्या ८७ व्या वर्षी, देह ठेवला. त्या निर्णयाविषयी तेव्हाही मतभेद झाले व आजही आहेत. त्यांचा निवाडा करण्याचे हे स्थळ नाही. सांगावयाचे एवढेच की, त्या शेवटच्या सोडण्याच्या आधी तीस वर्षांचे सोडणे होते. आपल्या घरातील एखादी म्हातारी 'मला भूक नाही' म्हणून ताट सारते, तेव्हा ते पवनारचे अनुकरण समजून कोणी स्वस्थ बसू नये. बहुधा तिला भूक असते. आपण ओझे झालो असे तिला वाटलेले असते. कोणाच्या तरी एका शब्दाने, किंवा कोणीच न बोललेल्या शब्दाने. तिचे ताट सारणे हा त्याग नसून तो तिचा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर घरातील माणसांनी तिच्याजवळ बसून द्यावयाचे असते.

याच ठिकाणी भिक्षुकाच्या आचाराचा एक अर्थ, जो तारुण्यात ध्यानात येत नाही, तो उलगडतो. वार्धक्याचे सर्वांत मोठे दुःख दुखणाऱ्या गुडघ्यांचे नसते, ते घेण्याचे असते. जन्मभर देणारा हात आता घेणारा होतो, ही गोष्ट कर्त्या गृहस्थास असह्य होते. पाण्याचा पेला मागताना त्यास आपण याचक झालो असे वाटते. भिक्षुकाने मात्र हे घेणे विसाव्या-पंचविसाव्या वर्षापासूनच शिकलेले असते. दारासमोर उभे राहावे, मिळेल ते घ्यावे, न मिळाल्यास रोष न धरता पुढे जावे, रुची मागू नये, आणि दिलेल्याचा हिशेब ठेवू नये, हे त्याने हजारो दारांत गिरविलेले असते. भिक्षेचा हेतू निराळा आणि मोठा आहे, हे खरेच. परंतु तिचे एक आनुषंगिक फळ असे की, ती वार्धक्याची पूर्वतयारी होते. इतकी वर्षे भिक्षा केल्यावरही जो वृद्ध भिक्षुक शिष्याने दिलेले पाणी गार आहे म्हणून रागावतो, त्याने अन्न घेतले, भिक्षा शिकला नाही. गृहस्थानेही यातील मर्म उचलण्यासारखे आहे. हातपाय धड असतानाच अधूनमधून दुसऱ्याकडून घेण्याची सवय करावी. मुलाचा सल्ला, सुनेच्या हातची चव, शेजाऱ्याची मदत निमूटपणे घेऊन पाहावी. हिंगणघाट येथे जन्मलेले बाबा आमटे यांस पाठीच्या कण्याच्या विकारामुळे बसता येत नसे; त्यांस उभे तरी राहावे लागे किंवा निजावे तरी लागे. तशा देहानिशी १९८५ च्या डिसेंबरमध्ये, वयाच्या सत्तरीनंतर, ते वाहनात निजून कन्याकुमारीहून काश्मीरकडे भारत जोडो यात्रेस निघाले. ज्यांनी कुष्ठरोग्यांस आयुष्यभर उचलले त्यांस त्या यात्रेत इतरांनी उचलले. त्यात उणेपणा कोणता?

येथवर वृद्धांस सांगितले; तरुणांसही दोन शब्द सांगणे अवश्य आहे, कारण हा विषय आता थोड्या लोकांचा राहिलेला नाही. स्वातंत्र्याच्या वेळी आपल्या देशात जन्मणाऱ्या मुलाचे सरासरी आयुर्मान सुमारे ३२ वर्षे होते. आज ते सुमारे ७० आहे. याचा अर्थ त्या काळी मनुष्य बत्तिसाव्या वर्षी म्हातारा होई असा नव्हे. बालपणीच पुष्कळ जीव जात, म्हणून सरासरी खाली येई. परंतु फलितार्थ असा की, वार्धक्यापर्यंत पोहोचणारे आता पुष्कळ झाले. २०११ च्या जनगणनेत साठी ओलांडलेले लोक देशात सुमारे साडेदहा कोटी होते, आणि महाराष्ट्रात त्यांचे प्रमाण दहा टक्क्यांच्या जवळ होते. मातापित्यांच्या निर्वाहासाठी २००७ साली कायदा करावा लागला. निर्वाह कायद्याने मागता येतो, जवळीक मागता येत नाही. ती देण्याची एक सोपी रीत आपल्याच परंपरेत आहे. श्रीस्वामींच्या उत्तरापंथे गमनानंतर म्हाइंभटांनी ज्यांनी स्वामींस पाहिले होते त्यांच्याकडे जाऊन विचारले, ऐकले, ताडून पाहिले, आणि लीळाचरित्र सिद्ध झाले. पुढे खालशाच्या धाडीत मूळ पोथी गेली, तेव्हा ज्यांच्या स्मरणात लीळा होत्या त्यांच्याच आधारे ती पुन्हा उभी करावी लागली. ग्रंथ गेला, परंतु वृद्धांचे स्मरण होते म्हणून सर्वस्व गेले नाही. वृद्धास जे पाहिजे असते ते बहुधा एवढेच असते की, कोणीतरी त्यास विचारावे आणि उत्तर संपेपर्यंत उठून जाऊ नये.

शेवटी नवलाच्या मूळ प्रश्नाकडे येऊ. वार्धक्याचे नवल वाटू नये असा प्रयत्न साधकाने करावा काय? आमच्या मते करू नये. या नवलात कृतज्ञतेसही जागा आहे. ज्या जमनालाल बजाजांच्या आग्रहामुळे गांधी आणि विनोबा हे दोघेही वर्ध्यास आले, ते स्वतः ११ फेब्रुवारी १९४२ रोजी वयाच्या ५२ व्या वर्षी गेले. वार्धक्य सर्वांच्या वाट्यास येत नाही. ज्यास ते मिळाले त्यास साधनासाठी अधिक दिवस मिळाले. मनुष्यदेह हे साधन आहे, आणि साधन झिजले याचा अर्थ ते वापरले गेले. म्हणून कोणी प्रथमच 'बाबा' म्हणून हाक मारली, गाडीत कोणी उठून जागा दिली, सुईत दोरा ओवण्यास नातवास बोलवावे लागले, की त्या प्रत्येक प्रसंगी क्षणभर थांबावे. 'मी तोच आहे' हे जे आत उमटते ते खरे मानावे आणि परमेश्वराच्या स्मरणास लावावे. 'देहही तोच आहे' हे जे त्यामागून येते ते तेथेच सोडावे. नंतर उठून उभ्या असलेल्या मुलाने जी जागा दिलेली आहे, तिच्यावर संकोच न धरता बसावे, आणि त्यास त्याचे नाव, गाव विचारावे.